लाल दोऱ्याची गाठ

ता. ९, सोमवार
दुपार

ताई,

धाकटीचा नमस्कार. लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

पोरगी बरी आहे. खोकला गेला, आता दिवसभर टकळी चालू. "मावशी कधी येणार?" विचारून नुसतं डोकं खाते. धुलाईघरात मुकादमीण तशीच, तोंडाचा पट्टा सुरूच. तुझ्या दगडावर अजून कुणी उभं राहत नाही. मला मात्र तिथून कपडे आपटल्याचा आवाज येतो गं. हात थांबवून बघते, तर दगड कोरडा असतो. 

तू तुरुंगातल्या दर भेटीत म्हणतेस, "शाल कुणी चोरली ते शोध." मी म्हणते, शोधते. काल पहारेकरीण सांगून गेली, शुक्रवारी तुम्हा कैदी बायकांना जहाजात घालणार, सात वर्षं काळ्या पाण्यावर. ताई, आता शोधायचं नाटक पुरे झालं.

शाल मी घेतली.

पोरगी तापानं फणफणली होती, पैशांवाचून औषधवाला दारात उभं करेना. जुने कपडे घेणाऱ्याला शाल विकली. त्याआधी गिऱ्हाइकाची खूण नखानं उसवून काढली, धागा न् धागा. पण कापड कुणी धुतलं ते सांगणारी कोपऱ्यातली धुणारणीची गाठ तशीच राहिली. आपण ती दिवसातून शंभरदा बघतो, म्हणून ती आपल्याला दिसतच नाही. माझी गाठ निळी. पण त्या आठवड्यात माझा हात भाजला होता, माझं अर्धं गाठोडं तू धुतलं होतंस. शालीवर तुझी लाल गाठ होती.

फौजदारानं ती तुझ्या नाकासमोर धरली, तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "माझ्या बहिणीला विचारा, मी असलं करीन का?" मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, मला तुझी लाज वाटली.

पत्र पहारेकरणीच्या हाती देऊन मी तशीच चौकीवर जाणार आहे.  पोरीला शेजारच्या शिवणवालीकडे ठेवलंय. मावशी येतेय, एवढंच तिला सांगितलं. आई जातेय हे सांगायला जीभ रेटली नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसला. पोरीला तेवढी पदरात घे. मोठी झाल्यावर तिनं विचारलं, तर माझी बाजू घेऊ नकोस.

इथूनच तुझ्या पाया पडते.

धाकटी