परीटघडीचा फोटो

३ फेब्रुवारी

ती. दादास,
बारकीचा सा. न.

पत्रास कारण नवा कॅमेरा. फोनवरच विचारले असते, पण तुझ्या कानांपुढे फोनने हात टेकले आहेत. तू नुसते हो हो म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहून विचारते.

दुकानदाराने कॅमेरा देताना तो रॉ फाइलवर लावून दिला आणि सगळे मोठे फोटोग्राफर असेच काढतात, असे वर ऐकवले. तेव्हापासून स्टुडिओतला प्रत्येक फोटो मला संगणकावर मऊ दिसतो. कॅमेरा स्टँडवर असतो, त्यामुळे हात हलण्याचा प्रश्न नाही. परवा शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई फोटोला बसल्या. फोटो मऊ वाटला म्हणून मी संगणकावर त्याची धार वाढवली, नीट दिसेपर्यंत वाढवत नेली. बाईंनी तो हातात घेतला आणि विचारले, की हा माझा चेहरा आहे की गिलावा उडालेली भिंत, आणि केसांभोवती ही पांढरी कड कसली? फोटो टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

शाळेतल्या सगळ्या मुलांचे फोटो दरवर्षी आपल्याकडे होतात. ते गेले तर स्टुडिओ उघडून बसण्यात अर्थ नाही. आणि स्टुडिओ मिटला, तर हा जिना चढून माझ्याशी बोलायला येणार तरी कोण?

कॅमेरा बिघडला आहे का, एवढेच सांग. लोभ असू दे, आणि उत्तराला फार वेळ लावू नकोस.

तुझी,
बारकी

९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी काळजी वाचूनही मला आनंद झाला, हे आधी कबूल करतो. कॉलेजातले शिकवणे सुटल्यापासून मला प्रश्न विचारणारे कुणी उरलेले नाही. भिंतीला पदार्थविज्ञान शिकवून पाहिले, पण ती शंका विचारत नाही. तेव्हा जरा ऐसपैस बैस.

कॅमेरा बिघडलेला नाही. त्याच्या आत प्रकाश टिपणारे लक्षावधी कण असतात आणि प्रत्येक कण तांबडा, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून ठरवावे लागतात. शेजाऱ्यांवर विसंबले की काय होते, ते तुला ठाऊक आहेच. कडा थोड्या पुसट होतात. रॉ म्हणजे ही कच्ची नोंद, जशी झाली तशी. धुऊन वाळवलेला, पण इस्त्री न केलेला कपडाच म्हण. जेपेग निवडलेस, तर कॅमेरा स्वतःच इस्त्री फिरवून परीटघडीचा फोटो तुझ्या हाती देतो.

आता ही इस्त्री म्हणजे काय? जिथे काळे आणि पांढरे भेटते, तिथे काळे थोडे अधिक काळे करायचे आणि पांढरे थोडे अधिक पांढरे. डोळा फसतो आणि म्हणतो, वा, किती धारदार. नवा तपशील मात्र कणभरही आलेला नसतो. ही धार मिठासारखी असते. बाईंच्या फोटोत तुझा हात जड झाला, आणि ती पांढरी कड उमटली.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः पडताळून पाहा. वर्तमानपत्राचे पान भिंतीला चिकटव. कॅमेरा दोन्ही फाइली एकदम साठवील अशा रीतीने लाव आणि एकच फोटो काढ. संगणकावर कच्च्या फाइलची धार शून्यावर ठेव. मग दोन्ही फोटो पूर्ण मोठे करून शेजारी शेजारी पाहा. जेपेगमधली अक्षरे कोरल्यासारखी दिसतील आणि काळ्या रेघेलगत एक बारीक उजळ कड असेल. कच्च्या फोटोत ती नसेल. फरक इतका स्वच्छ असतो, की पहिल्या वर्षाची पोरेसुद्धा तो दुरून ओळखत.

काय दिसले ते सविस्तर कळव. मी वाट पाहतो. तेवढेच काम सध्या माझ्याकडे आहे.

तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

मीठ, इस्त्री आणि शेजारी असे सगळे एका पत्रात आलेले पाहून हसू आले. तुझ्या विद्यार्थ्यांची मला दया येते.

सांगितलेस तसे सगळे केले. दादा, मला दोन्ही सारखेच दिसले. दोन्ही मऊ. उजळ कड कशातच नाही. अगदी पडद्याला नाक टेकवून पाहिले. म्हणजे एक तर कॅमेरा खरोखरच बिघडला आहे, किंवा संगणक. कॅमेऱ्यातले कार्ड सोबत पाठवते, तूच काय ते ठरव.

बाकी इथे नवे काही नाही. सुताराने मागच्या खोलीची चौकट वाकडी बसवली. तसे म्हटले, तर त्याने पाणसळ लावून ती सरळ असल्याचे दाखवले आणि बाई, तुम्हीच वाकड्यात शिरताय, असे वर बोलला. मीही त्याला तुझी पाणसळच वाकडी आहे, असे सुनावले. आठवडाभरात माझे कुणाशी झालेले मोठे बोलणे ते एवढेच.

मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप नाही. तब्येतीला जप आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बारकी

२३ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

कार्ड मिळाले. दोन्ही फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले, आणि मग खालच्या मजल्यावरच्या कारकुनाला बोलावून त्यालाही दाखवले. वर्गात फळ्यावर काढून दाखवावा इतका स्पष्ट फरक त्यांत आहे. जेपेगमधल्या प्रत्येक अक्षराला ती उजळ कड आहे. कारकुनाने न सांगता त्यावर बोट ठेवले.

कॅमेरा उत्तम आहे. संगणकालाही मी दोष देत नाही, कारण सुताराची चौकट काही संगणकात नाही. बाईंचा फोटो तुला नीट दिसला तेव्हा इतरांना खडबडीत दिसला, आणि सरळ चौकट तुला वाकडी दिसली. मी तुला कडांविषयी शिकवत बसलो आणि त्या कोणत्या डोळ्यांनी पाहिल्या जाणार, हे विचारलेच नाही.

पत्र मिळताच एक कर. चौकोनी गजांच्या खिडकीसमोर उभी राहा. एक डोळा तळहाताने झाक, मधल्या गजाकडे पाहा, आणि मग दुसरा डोळा झाकून पुन्हा पाहा. गज कुठे वाकतात का, मध्ये काही पुसले जाते का, ते बघ. काहीही दिसले तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. माझे कान जाऊ लागले, तेव्हा लोकच हल्ली पुटपुटतात अशी माझी कितीतरी दिवस खात्री होती. तू तेवढे दिवस थांबू नकोस.

आज आणखी काही समजावण्याची इच्छा नाही. तुला आशीर्वाद आहेतच. त्यांच्या तारणावर एक उत्तर कर्ज दे.

तुझा,
दादा

२ मार्च

ती. दादास,
सा. न.

खिडकीसमोर उभी राहिले. उजवा डोळा झाकला की मधले गज आत वळतात, आणि जिथे वळतात तिथे बोटाने पुसल्यासारखा एक डाग आहे. उजव्या डोळ्याने गज सरळ दिसतात, पण तेही धूसर.

डॉक्टरीण बाई तुझ्यासारख्याच सावकाश समजावणाऱ्या निघाल्या. डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, म्हणाल्या. आपण ज्याच्याकडे थेट पाहू तेच पुसट होत जाते आणि कडेचे तेवढे उरते. डाव्या डोळ्याचे गेले ते परत येणार नाही. उरलेले टिकावे म्हणून डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागतील. उजव्यात मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. मुलांचे फोटो काढता येतील का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, काढता येतील, पण धार दुसऱ्या कुणाला तरी पाहू द्या.

खरे सांगू? मला संशय होता. पण कॅमेरा बिघडला असता तर तो दुरुस्त करणारा सापडला असता, म्हणून आधी तुला कॅमेऱ्याचे विचारले.

शाळेत जाऊन बाईंना सगळे सांगितले. त्यांनी मला खुर्ची दिली. मग म्हणाल्या, मुलांचे फोटो लांबणीवर टाकता येतील. आधी डोळे बघा.

पहिले इंजेक्शन येत्या सोमवारी आहे. त्यानंतर एकटीने घरी जायचे नसते. सोबत कोण येणार, असे परिचारिकेने विचारले. माझ्या मागे रांग होती. भाऊ येणार आहे, असे मी सांगून टाकले. तुला विचारायचे राहिले.

तुझा लोभ आहे, हे ठाऊक आहे. या वेळी तो पाकिटातून नको, गाडीने पाठव.

तुझी,
बारकी