वरचं बाथरूम, खालचे देव

२० जाने., सोम.
वरच्या मजल्यावर कांताभाभीकडे हळदीकुंकू. वाण म्हणून स्टीलची डबी. कुंकू लावून झाल्याबरोबर तिनं एक कागद पुढं केला. "ताई, एक सही करा ना. फरशीचं काम काढून राह्यलो, खालच्यांची सही लागते." सतरा वर्षं एका गच्चीवर पापड वाळवतो आम्ही. वाचत बसले नाही. चष्मा पण घरीच.

३० जाने.
सकाळपासून हातोडा. ऑफिसमधून आले तर फ्रिजवर बोटभर धूळ. असू दे, घर म्हटलं की काम निघतंच.

३ फेब्रु.
जिन्यात गवंडी भेटला. "फरशी कुठली बाई? संडास-बाथरूम हलवून राह्यलो. ईशान्येचं काढलं, आता तुमच्या किचनवर." ईशान्येत देवघर करा, असं भाभीच्या वास्तुवाल्यानं सांगितलंय. तिच्या देवांची सोय झाली. माझे देव किचनच्या कोपऱ्यात, नेमके नव्या संडासाखाली. आज दिवा लावताना वर बघवेना.

४ फेब्रु.
वर जाऊन विचारलं. भाभीनं चहा टाकला, मी नको म्हटलं. पहिल्यांदाच. "ताई, सही तुमचीच है ना. आन् देव तर सगळीकडंच असतो." मग तुमचा ईशान्येतच का लागतो? हे जिना उतरल्यावर सुचलं.

५ फेब्रु.
जेवताना ह्यांना सांगितलं. मान वर होईना. ह्यांना माहीत होतं. भाभीच्या मालकांनी दुकानात बोलावून नकाशा दाखवलेला, डिसेंबरातच.
"तुला सांगितलं असतं तर सही केली असतीस का? शेजाऱ्याशी वाकडं कशाला घ्यायचं?"
भाभी परकी. हे रोज आंघोळ करून त्याच देवांपुढं हात जोडतात. फसवलं मला, दोघांनी मिळून. कोणावर जास्त चिडू तेच...

९ फेब्रु., रवि.
प्लंबर आलाय. पाइप स्लॅबच्या खालून, म्हणजे आमच्या छताला लटकवून जोडायचा. आमच्या घरात आल्याशिवाय काम पुरं होत नाही म्हणे. नकाशात हे कोणी बघितलं नव्हतं.
हे दार उघडायला उठले. म्हटलं, बसा. बसले.
बाहेरून भाभी. आज आवाज निराळा. "ताई, अर्ध्या घंट्याचं काम है. जुनं तर तोडून टाकलं. दुसरं न्हाई वर. बाईंना किती दिवस लोकांकडं नेऊ?"
बाई म्हणजे तिच्या सासूबाई. ऐंशीच्या पुढच्या, काठी धरून चालतात. मला सूनबाई म्हणतात.
कडी काढली नाही. टेबलाशी येऊन हे लिहितेय. बेल तिसऱ्यांदा वाजतेय, आणि हे माझ्याकडं बघताहेत.