न बसलेलं कार्ड

अण्णा, तुमचा कॉम्प्युटर गेला. आधी हे सांगून टाकते, कारण गोल गोल बोललेलं तुम्हाला कधी चाललं नाही. तुम्ही गेल्यावरही तो स्वयंपाकघराच्या दाराशी, त्याच टेबलावर होता, आणि त्याच्यावर मी लग्नांचे व्हिडिओ जोडत होते, तुम्ही शिकवलेत तसे. सुलतान बाजारातली तुमची स्टुडिओची खोली सोडावी लागली, काम नाही सोडलं. आता अंबरपेठेत गल्लोगल्ली पोरं मोबाइलवरच सगळं कापून मोकळी होतात. माझ्याकडे उरली ती आपली मराठी घरं, ज्यांना मंगलाष्टकं मध्येच तोडलेली खपत नाहीत आणि कुठल्या मावशीचा रुसलेला चेहरा गाळायचा हे मला सांगावं लागत नाही. त्यावर माझं आणि आईचं चाललं होतं.

पण कॅमेरे बदलले, अण्णा. हल्लीचं शूटिंग इतकं जड येतं की आपल्या म्हाताऱ्या मशीनला ते उचलवेना. पडद्यावर नवरा मुलगा हार घेऊन हात वर करतो आणि हात तसाच वर राहतो, मी चहा करून येते तरी खाली येत नाही. चिक्कडपल्लीचा एक स्टुडिओवाला काम देत होता, त्यानं तोंडावर सांगितलं, "बाजी, ये शादी टाइम पे दे देव, पूरे सीजन का काम तुमकोच. नै हुआ तो मैं भी परेशान, तुम भी परेशान." नवा कॉम्प्युटर घेण्याची ऐपत नव्हती. मग एकच वाट होती, यालाच एक ग्राफिक्स कार्ड बसवायचं. म्हणजे चित्रांचा भार ते घेतं आणि बाकीचा जीव मोकळा राहतो.

तुम्ही असतात तर महिनाभर दुकानं पालथी घातली असती. मीही घातली. आठवतं का, मी पहिल्या पगारात गीझर आणला होता? तुम्ही खोकंही उघडू दिलं नाही. "घरातली वायर बघितलीस का? भिंत पेटवायचीय का?" केवढ्यानं ओरडला होतात, शेजारची बाई डोकावून गेली. मी दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी. पण कार्ड बघायला निघाले तेव्हा पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर वीज. आपला जुना पॉवर सप्लाय तसा अशक्त, कार्डाला वेगळी वायर द्यायची त्यात सोयच नाही. म्हणजे मोठ्या पंख्यांची, गेम खेळणाऱ्या पोरांची ती धिप्पाड कार्डं आपल्या कामाची नाहीत. सेकंडहँडवाला गळ घालत होता, "एकदम नया जैसा है बाजी," पण त्यातली बरीच कार्डं रात्रंदिवस राबवून पिळून काढलेली असतात असं ऐकलं होतं. नक्को म्हटलं. आईच्या शिवणाच्या टेपनं कॅबिनेटच्या आतली लांबी मोजली. एका पंख्याचं, आखूड, बोर्डावरूनच वीज घेणारं, मेमरी बेताची पण आपल्या कामाला पुरेल असं कार्ड शेवटी सापडलं. याहून भारी घेतलं असतं तरी आपला जुना प्रोसेसर त्याच्याबरोबर पळू शकला नसता. इतकं बघून, इतकं तोलून घेतलं, अण्णा. तुम्हाला नाव ठेवायला जागा नव्हती.

घरी येऊन बसवायला घेतलं. कॅबिनेटची बाजू तर कायमच उघडी. तुम्ही गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तो तापून बंद पडायला लागला, तेव्हा मी पत्रा काढून समोर टेबलफॅन लावला, तो पत्रा परत बसलाच नाही. आतला तो लांब स्लॉट रिकामाच होता, कुणाला कधी लागला नव्हता. कार्ड ठेवलं, दाबलं. जाईना. मला वाटलं, नवं आहे, घट्ट असेल. जोर लावला. खट्‌ झालं, मला वाटलं बसलं. बटण दाबल्यावर एक बारीक ठिणगी आणि जळका वास, बस्स. त्यानंतर काहीच नाही.

रिक्षात मांडीवर घेऊन दुकानात नेला. दुकानदारानं कार्ड काढून दुसऱ्या मशीनला लावलं तर ते छान चाललं. मग त्यानं टॉर्च धरला, चिमट्यानं स्लॉटमधून काहीतरी ओढून काढलं आणि तळहातावर ठेवून मला विचारलं, "बाजी, इस में चावल कायकू डाले?"

लाल तांदूळ होते. अक्षता.

मला तिथंच समजलं. खंडेनवमीला तुम्ही याची पूजा करायचात. कॅबिनेटच्या डोक्यावर कुंकवाचं कोरडं बोट, एक झेंडूचं फूल, झालं. अक्षता तुम्ही वरच्या वर पाटावर वाहायचात, आईनं ते कधी नीट बघितलं नव्हतं, ती तेव्हा पुरणाशी असायची. तुम्ही गेल्यावर पूजा तिच्याकडे आली. तिनं देवाला वाहतात तशा, ओल्या कुंकवातल्या, मूठभर, उघड्या बाजूनं आत वाहिल्या. दरसाल. मी शेजारी हात जोडून उभी असायचे. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला. इतका जुना बोर्ड आता मिळत नाही, आणि खोकं फोडलेलं कार्ड कुणी परत घेत नाही.

ते लग्न दुसऱ्याकडे गेलं, सीझनही गेला. आता मी एका साडीच्या दुकानात काउंटरला उभी राहते. पाय सुजतात. आईला एवढंच सांगितलं की मशीन म्हातारं झालं होतं. ती रिकाम्या टेबलाकडे बघत म्हणाली, "मी दरसाल एवढं मनापासून करत आले गं, तरी कसं बिघडलं?" मी म्हटलं, "तू करत होतीस म्हणूनच इतकं चाललं." तिला बरं वाटलं. मला नाही वाटलं. अण्णा, मला तिचा राग येतो. भाजीत मीठ जास्त झालं तरी मी आता तिच्यावर खेकसते, आणि ती बिचारी मिठाचं ऐकून घेते.

काल खंडेनवमी झाली. सकाळी तिनं पाट मांडला आणि विचारलं, "आता कशाची करायची?" घरात तिची कात्री होती, तुमचा जुना कॅमेरा होता. आणि ते कार्ड होतं, खोक्यात. तीच म्हणाली, "ते नवंय ना, तेही ठेव की. पुढं कधीतरी लागेल." मी आत गेले, खोकं काढलं, आणि बाहेर आणण्याआधी त्याची प्रत्येक फट चिकटपट्टीनं बंद केली. तिनं वाटीतून अक्षता घेतल्या. खोक्यावरच्या त्या पट्टीवरून बोट फिरवलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग हातातल्या अक्षता परत वाटीत टाकल्या आणि नुसता नमस्कार केला.

मी तिथंच उभी होते. मीही हात जोडले.