इव्हेड आणि माझं नाव

बुधवार, संध्याकाळ. झाशी.

इव्हेड म्हणजे नुसतं टाळणं नव्हे! दतिया गेटच्या बाजारातून आणलेल्या इंग्रजी शब्दकोशात मात्र 'टाळणं' एवढंच दिलंय. मला इंग्रजी शिकवणारी नात म्हणाली, "आबा, प्रश्न समोर आला की बगल से निकल जाना, ते इव्हेड." मी सातवीत शाळा सुटलेला माणूस, उदाहरणाशिवाय डोक्यात शिरत नाही. मग पोरीनं स्वयंपाकघरात हाक दिली, "आजी, आबांचं नाव काय?"

ही पोळी लाटत म्हणाली, "तुझ्या बाबाला विचार."

"देखा? इव्हेड!"

"दारावर पाटी आहे, वाच."

"फिर इव्हेड!"

हसून हसून बेजार झालो. पण खरं लिहू? पंचेचाळीस वर्षांत उखाण्याबाहेर हिच्या तोंडून माझं नाव ऐकलेलं नाही. साधं, नुसतं नाव. ऐकावंसं वाटतं, हे मी तरी कधी बोललो? म्हणजे इव्हेड मीही केलंच की!

"एकदा म्हण ना," धीर करून म्हटलं.

ही लाटणं ठेवून वळली. गाल लाल.

"श्रीधर," म्हणाली. "आता ताटं घ्या."

नातीनं टाळ्या पिटल्या. आणि मला, या घरात जन्मलेल्याला, ताटं कुठं असतात तेच आठवेना!