सोडलेलं पाणी

गडचिरोली, १८ जानेवारी १९८७, रविवार

आज दुपारच्या एस.टी.नं लेकाच्या नव्या घरी येऊन पोचले. कुरखेड्यापासून एका माणसाची कोंबडी माझ्या मांडीवर होती. ती माझ्यापेक्षा शहाण्यासारखी बसली.

लेक लहानू इथं एका कार्यालयात ओव्हरसियर आहे. सून कांता शाळेत बाई आहे. हे सगळं तीच लिहून घेत आहे, कारण मला अक्षर येत नाही. नात रुखमा राजुऱ्याला मामाकडे शिकते. तिनं पत्रात मागितलं की आजीनं रोज काही सांगावं, आईनं वहीत लिहावं, म्हणजे सुटीत वाचता येईल. मी म्हटलं, बोलायला माझं काय जातं.

पहिल्याच पानावर सासू-सुनेचं भांडण झालं. मी म्हणते ‘मले’, ही लिहिते ‘मला’. मी म्हणते ‘मी जातो’, ही लिहिते ‘मी जाते’. वाचून दाखव म्हटलं, तर माझ्या तोंडून कोणी पुण्याची बाई बोलत होती. कांता म्हणाली, आत्याबाई, वहीत शुद्ध लिहावं लागते. मी म्हटलं, लिही माय, पण रुखमाले समजन कसं का हे तिची आजी होय? हे एवढं वाक्य मी जसंच्या तसं ठेवायला लावलं.

आले आहे मोतीबिंदू काढायला. घर चांगलं आहे. पुढची खोली मात्र आगगाडीच्या डब्याएवढी लांब. एका टोकाला पाहुण्यांच्या खुर्च्या, दुसऱ्या टोकाला माझी खाट. मधे आडोसा हवा. लहानू म्हणाला, माय, विटांची भिंत घातली तर तुझ्याकडं अंधार होते, म्हणून मी काचेची भिंत बांधून राह्यलो. आत पाणी, पाण्यात झाडं, झाडांत मासोळ्या. नागपूरला साहेबांच्या घरी त्यानं तसं पाहिलं. मी विचारलं, मासोळ्या खायच्या कधी? तर म्हणे, खायच्या नाहीत, पाहायच्या. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात जन्मला आणि मासोळी पाहत बसणार. डोळे आधीच गेले होते म्हणून बरं, नाहीतर हे ऐकून गेले असते.

२२ जानेवारी, गुरुवार

काचेच्या भिंतीनं घर खाल्लं आहे. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. लहानूनं हिशेब केला की पाणी भरल्यावर पाच क्विंटल भरेल. म्हणून खाली विटांचा ओटा बांधला. त्यावर लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यात पुट्टी भरून जाड काचा बसवल्या. तीनदा पाणी भरून पाहिलं, तीनदा गळलं. तिसऱ्यांदा माझी चप्पल तरंगत दारापर्यंत गेली.

मी म्हटलं, डोंग्याला भोक पडलं तर तुझे बाबा डांबर लावत. तो म्हणाला, माय, तू चूप बस. मग पुट्टी खरवडून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून. सकाळी कार्यालय, संध्याकाळी पुट्टी. भात वाढला की थंड होतो. कांताशी तुटक बोलतो, माझ्याशी तेवढंही नाही.

२८ जानेवारी, बुधवार

काल उजवा डोळा कापला. हिरवी पट्टी बांधली आहे. डावा अजून बाकी आहे, त्यातून नुसता उजेड आणि माणसाचे ठोकळे दिसतात. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. हसायचं नाही म्हणे, आणि समोर लहानू चौथ्यांदा काच बसवतो आहे.

कांताचं टेबल काचेच्या पलीकडे आहे. ती तिकडे बसून लिहिते, मी इकडे खाटेवरून सांगते. ती दिसत नाही, पण शाईच्या पेनाची खरखर ऐकू येते. मी थांबले की पेन थांबतं. एवढ्या आज्ञेत माझं कोणीच कधी राहिलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आज काच गळली नाही.

लहानू पहाटे मित्राच्या जीपनं गेला आणि दुपारी परतला. झाडांसाठी गाळमाती आणली, लांब पात्यांचं पाणगवत आणलं, कमळाचे दोन कांदे, आणि दोन ड्रम भरून पाणी. नळाच्या पाण्यातल्या पावडरनं झाडं मरतात म्हणाला. मी विचारलं, कुठून आणलं? तो म्हणाला, आपल्या गावाहून, बाबांच्या बोडीतून.

बोडी म्हणजे धानाला पाणी पुरवणारं लहानसं तळं. त्या बोडीत अठ्ठावीस वर्षांपूर्वी लहानूचे बाबा जाळं टाकायला गेले ते आलेच नाहीत. लहानू सहा वर्षांचा होता. अंग सापडलं नाही. (त्यांचं नाव वारलू. हे कांतानं लिहिलं. मी नवऱ्याचं नाव घेत नाही.)

मी म्हटलं, जगात दुसरं पाणी नव्हतं? लहानू म्हणाला, माय, बाबांचा एक फोटो नाई आपल्याजवळ, त्याईची बोडी तरी घरात राहू दे. पुढं तो प्रेमानंच म्हणाला, पहिलं पाणी तूच सोड.

आमच्या घरची रीत अशी, की बुडालेल्याचं अंग सापडलं नाही तर बायकोनं पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून ओंजळीनं पाणी सोडायचं, म्हणायचं, जा, तुझं-माझं सुटलं. मग शोध थांबतो. ते मी तेव्हा केलं होतं. आज तोच शब्द, तेच पाणी. अर्धा लोटा मी बाहेरच सांडला. लहानूला वाटलं, म्हातारपण.

४ फेब्रुवारी, बुधवार

पाणी दुधासारखं झालं आहे. पानं सडतात. लहानू पानं काढतो, पंप काढतो, पंप बसवतो, वीज जाते, पंप बंद पडतो, तो विजेला शिव्या देतो. मासोळ्या आणायला नागपूरला जायचं म्हणतो, त्याआधी पाणी निवळायला तयार नाही. पंधरा तारखेच्या रविवारी साहेब पाहायला येणार आहेत.

कांताला काचेतल्या गाळात एक शिशाची गोळी सापडली. माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, हे काय होय?

फेकायच्या जाळ्याच्या काठाला अशा गोळ्या असतात. ढिवर ती दातानं चावून दोरीवर घट्ट करतो. प्रत्येकाचा चावा वेगळा. यांचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, म्हणून यांच्या गोळीवर दोन खड्डे आणि मधे उंचवटा राहायचा. मी अंगठ्यानं चाचपलं. दोन खड्डे. मधे उंचवटा.

कांताला म्हटलं, काही नाही, जुनं शिसं आहे. आता सांगते आहे तर तिचं पेन अडखळलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

पाणी निवळलं. पण रोज चार बोटं कमी होतं. लहानूनं चारही कडा बोटानं तपासल्या. पुट्टी कोरडी, ओटा कोरडा, फरशी कोरडी. तो रोज बादल्या ओततो आणि रोज दात-ओठ खातो. मी म्हटलं, कोणाला तहान लागली असेल. मी थट्टेनंच म्हटलं होतं.

गवत वाढलं. कांता सांगते, झाडं उजेडाकडे झुकतात, पण ही ट्यूबलाइटकडं पाठ करून खाटेकडं वळली आहेत. लहानू म्हणतो, पंपाच्या धारेनं वळली. माझ्या चंचीत आता सात गोळ्या आहेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

कांता आज दुपारीच आली. बोलली काई नाई. बसली न् पेन सुरू केलं. थकली असन.

बरं झालं. मले सांगाचंच होतं. अठ्ठावीस वर्सं झाली, हे मी कोणालेच सांगतलं नाई.

तिसऱ्या दिवशी, पाणी सोडाच्या आंधी, मी पाळीवर एकटीच होती. जाळं पाण्यावर पडते तवा सर्रकन होते, तसा आवाज आला. मंग गवताच्या मांगून हाक आली. भागी म्हणून. मले भागी म्हणणारा एकच माणूस होता.

मी आयकलं. पण मले भेव वाटलं का तीन दिवसानं पाण्यातून जो उठन तो हाच असन का. पोरगा लहान होता. मी घाईनं पाणी सोडलं. शोधणारी माणसं जाळे काढून घरी गेले. मी काई आयकलं नाई म्हणून सांगतलं.

हे लहानूले वाचून दाखवजो नको.

कांता, पेन काऊन थांबलं? मी तं बोलूनच राह्यली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी कांतानं वही उघडली आणि विचारलं, आत्याबाई, काल हे कोणाकडून लिहून घेतलं? काल शाळेत संमेलन होतं. ती दिवे लागल्यावर घरी आली.

अक्षर वाकडं आहे म्हणते, पाटीवरच्या पोरासारखं. पान ओलं होऊन वाळलेलं. आणि जिथं-तिथं ‘मले’. या घरात ‘मले’ बोलणारे दोघं आहोत. लिहिणारं कोणी नाही; लहानू लिहितो ते शुद्धच, आणि काल दुपारी तो कार्यालयात होता.

हे, लहानूचे बाबा, तिसरीपर्यंत शाळेत बसले होते. डोंग्यावर कोळशानं माझं नाव लिहायचे आणि मला वाचता येत नाही म्हणून हसायचे.

म्हणजे ते मी त्यांनाच सांगितलं.

कांतानं माझा हात धरला, तिचाही गार होता. लहानूला म्हटलं, वहीत कोणी परक्यानं लिहिलं आहे, आजच्या आज ही काच रिकामी कर. तो म्हणाला, शेजारणीकडून लिहून घेतलं असशील. मी पाया पडू का विचारलं. तो चिडला, म्हणाला, माय, तुले पयल्यापासूनच हे नको होतं, आता झाडांनी मुळं धरली तवा उपटू?

१४ फेब्रुवारी, शनिवार

गोळ्या आता बाहेर, फरशीवर. लहानू ज्या स्टुलावर उभा राहून पाण्यात हात घालतो, त्याच्याभोवती. कांतानं झाडून टाकल्या. दुपारी परत तिथंच. अर्धा गोल, जाळं पडतं तसा.

लहानूची बोटं सुरकुतली आहेत. पुसली तरी ओली. जेवताना तीन तांबे पाणी प्यायला.

माझ्यामुळं आहे हे. मी सोडलं आणि लेक धरला जातो आहे. कांता उद्या पहाटेच्या गाडीनं राजुऱ्याला जाते, भावाला घेऊन येते. दोघं मिळून काच फोडतील. तिनं वही उशाखाली ठेवायला सांगितलं. मी ठेवली.

१५ फेब्रुवारी, रविवार

कांता गेली. उशाखाली हात घातला, वही नाई.

पेन वाजून राह्यलं. पलीकडं. मी बोलतो तवा वाजते.

लहानू स्टुलावर आहे. साहेब येतीन म्हणून कमळ सरळ करतो म्हणे. हात खांद्यापर्यंत आत. आंधी हसला, माय, गवतात हात फसला. मंग म्हणाला, निघत नाई. आता काई म्हणत नाई —

भुईवर चाचपलं. गोळ्या. एकाले लागून एक. गोल पुरा झाला —

पट्टी काढली. डॉक्टर नाई म्हणे, तरी काढली. दिसते. लय साफ दिसते. गवत. लहानूचा हात. मनगटावर आणखी एक —

त्यानं काय केलं तुले. सहा वर्साचा होता. आयकलं मी, त्यानं नाई. सोडलं मी —

लिही. तुले लिहिता येते ना, लिही. सुटलं म्हणलं होतं मी, ते खोटं होतं. सोडलेलं पाणी मी वापस घेतो. माझा हात घातला, पाह्य. इकडं —

जल्मात नाव नाई घेतलं तुझं. आता घेतो. वारलू. पोराचा हात सोड. मले धर, मी इथीच —