बिननंबरी तुकडा

४ मार्च
वही, माफ कर. बारा दिवस झाले, काही लिहिलं नाही. हात धजत नव्हता.
भट्टी बंद केली आहे. अणू जोडून ऊर्जा काढायची ती भट्टी – तिथल्या पाईपच्या कोठारात मी एकवीस वर्षं काढली. तिला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा एक पाईप गळतोय. बदलायला माझी लेक आत जाणार. जेवताना सहज म्हणाली, "भट्टीच्या पोटाशी आहे ना बाबा, सातवा, तो." मी ताट बाजूला सरकवलं.
तो पाईप मी कापून दिलाय.

५ मार्च
दुसरं कुणाला सांगू? कोठारात स्टीलच्या पाईपांच्या दोन जाती, दिसायला जुळी भावंडं. एकीत कोबाल्ट नावापुरता, दुसरीत जास्त. जास्तवाला भट्टीजवळ लागला की वर्षानुवर्षं किरणं सोडत राहतो. म्हणून नियम – जातीचा नंबर पाईपच्या एकाच टोकाला असतो, तो आधी उरणाऱ्या तुकड्यावरही ठोकायचा, मग कापायचं. एक दिवस मी दोन्ही जाती आधीच कापल्या. दोन बिननंबरी तुकडे शेजारी शेजारी. आठवेल तसे नंबर ठोकले. त्यातलाच एक पुढे सातवा पाईप म्हणून आत गेला. साहेबांनी विचारलं, "बघून ठोकलेत ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय!"
आठ वर्षं झाली.

६ मार्च
सांगितलं नाही. तिला दोनदा चहा दिला फक्त.

७ मार्च
सांगितलं. ती बूट घालत होती.
"आठ वर्षं गप्प बसलात?"
"वाटलं, बरोबरच असेल."
"आणि मी जाणार म्हटल्यावर तोंड उघडलं. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर?"
नाडी आवळून ती कामावर निघून गेली.

८ मार्च
लेकीने तिथे सांगितलं. त्यांनी लांब दांड्याला किरणं मोजायचा मीटर बांधून आत सरकवला. तुकडा चुकीचाच. साहेबांचा फोन आला, "कळलं" म्हणाले आणि ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.
आता तरी लेकीला आत पाठवणार नाहीत, असं वाटून जीव हलका झाला. लाज वाटते लिहायला.

९ मार्च
चाळीस मिनिटांचं काम आता दहा जणांत वाटलंय. एकाने चार मिनिटांवर आत थांबायचं नाही. पहिली खेप लेकीने मागून घेतली. निघताना म्हणाली, "चूक आपल्या घरची आहे."
फोन फाटकावरच ठेवून घेतात. जाऊन तीन तास झाले. पोरी, बाहेर आलीस की आधी कळव. शिव्या दे हवं तर, पण लवकर कळव.