निळा जात नाही

सोमवार
नेमणूक पक्की झाली. सकाळी विभागप्रमुख मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं आणि दुपारी मी कॉलेजच्या जीवरसायन प्रयोगशाळेत रुजूही झाले. ताई इतकी खूश झाली की तिने माझ्या वाटणीचं जेवणही संपवलं. दोघांचं खातेय, म्हणते. सातवा महिना आहे, त्यामुळे बोलायची सोय नाही. भावजी जहाजावर, म्हणजे बाळ येईपर्यंत घरात आम्ही दोघीच.

प्रयोगशाळा प्रशस्त आहे. मॅडम, निवृत्तीला आलेले सर आणि बाटल्यांपासून बेसिनपर्यंत सगळं बघणारे मामा, तिघंही लाघवी. पिपेटचा रबरी फुगा फुटलाय, त्यामुळे काचेची नळी तोंडात धरूनच द्रव ओढायचा, अशी इथली जुनी पद्धत. मॅडमनी स्वतःची पिपेट मला दिली. नवीन माणसाचा मान, म्हणाल्या.

उद्याच्या प्रात्यक्षिकाची रात्रीच तालीम केली. स्टार्चच्या पाण्यात थुंकी मिसळायची आणि दर मिनिटाला त्यातला एक थेंब आयोडिनवर टाकायचा. स्टार्च आहे तोवर थेंब निळा होतो. लाळेतल्या एन्झाइमने तो पचवला की निळा जातो. माझा आणि ताईचा, दोन्ही निळे तीन मिनिटांत गेले. ताई म्हणाली, शिकून शेवटी थुंकायलाच लागलीस ना!

मंगळवार
मुलांसमोर माझा निळा जायला अकरा मिनिटं लागली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, मॅडमची थुंकी आज रजेवर आहे. मीही हसले. स्टार्च शिळा असेल.

बुधवार
स्टार्च शिळा नाही. त्याच बाटलीतून मुलांचे निळे झटपट गेले, माझा अर्ध्या तासाने.

आणखी एक. जेवणाच्या सुट्टीत मॅडम, सर, मामा, तिघांनीही डबे उघडले, गप्पा मारल्या, डबे बंद केले. कुणी घास घेतला नाही. मी बघतेय हे सरांच्या लक्षात आलं. वयोमानाने भूक मंदावते, म्हणाले. मॅडम तर चाळिशीच्याही नसतील.

गुरुवार
माझं एन्झाइम कमी झालंय, की त्याला कुणी अडवतंय? ताईची थोडी थुंकी बाटलीतून आणली आणि माझ्या थुंकीत मिसळली. नुसतं कमी असतं, तर ताईच्या एन्झाइमने काम उरकलं असतं. तेही थांबलं. म्हणजे माझ्या तोंडात काहीतरी आहे.

मामा रोज आणून देतात त्या चहाचा संशय आला. आजचा चहा बेसिनमध्ये ओतला. मामा मागे उभे होते. वाया कशाला घालवता, त्यात काही नसतं, म्हणाले.

मी काही विचारलंच नव्हतं.

शुक्रवार
स्टार्च दहापट वाढवून पाहिला. एन्झाइममधली स्टार्चची जागा अडवून कुणी बसलं असेल, तर एवढ्या गर्दीत त्याला ती पुन्हा मिळत नाही, आणि काम सुरू होतं. झालं नाही. जे आहे ते जागा अडवत नाही. एन्झाइमचाच गळा धरून बसलंय. पाण्याने पातळ केलं, तरी सोडत नाही.

मॅडमच्या बोटाची पट्टी सुटली होती. मुलाखतीच्या दिवशी, महिन्यापूर्वी, होती तीच. खालची चीर कालची वाटावी अशी. भरलेली नाही, चिघळलेलीही नाही.

माझी नजर पाहून त्या म्हणाल्या, सुरुवातीला सगळ्यांनाच धास्ती वाटते. वेग कमी होतो, एवढंच. आणि विचारलं, पिपेट नीट वापरतेस ना?

चहा नव्हे. पिपेट. तोंडातून तोंडात.

आणि ताई रोज माझ्या उष्ट्या कपातून घोट घेते.

शनिवार
गेले नाही. ताईला सगळं सांगितलं. हसली. म्हणाली, तुझ्या डोक्यात आयोडिन गेलंय.

भांडी वेगळी करताना ग्लास फुटला, तळहात कापला. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. रक्तातल्या एन्झाइममुळे फेस यायला हवा.

आला नाही. पाण्यासारखं वाहून गेलं.

म्हणजे आता रक्तातही —

दिवसभर काही खाल्लं नाही. आठवणच झाली नाही.

रविवार, दुपार
ताईशी दारातून बोलते. चिडली आहे. मी काय परकी झाले का, म्हणाली.

तिचं ताट ओट्यावर. भरलेलं. भूक नाही म्हणे. कालपासूनच —

बाळाचं विचारलं. हलतंय, म्हणाली. मग पोटावर हात ठेवून — हळू हलतंय.

रविवार, संध्याकाळ
डॉक्टरीणबाईंना फोन केला. सकाळी आणा, म्हणाल्या. काय सांगणार त्यांना?

ताई चिडलेली नाही आता. शांत आहे. तिने स्वतःच माझा हात पोटावर ठेवून घेतला. दुसऱ्या हाताने लिहितेय.

एक लाथ लागली. स्पष्ट. ताई हसली.

मग काही नाही.

अजून नाही —

झोपलं असेल, म्हणते ताई. सकाळी डॉक्टरीणबाई बघतीलच. त्याआधी आणखी एक तरी लागेल. आता लागेल. इतका वेळ झाला, आता लागायलाच —